चार अंडी आणि साठ घोडे

रस्ता ही दुबळ्या गाड्यांची गरज आहे, असं मी त्या काळी डोंबिवली स्टेशनाबाहेर उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असे. कोणी विचारलेलं नसायचं. तरी सांगायचो! कारण आमच्या त्र्यंबककाकांनी जीप घेतली होती, आणि ती चालवता येणारा अख्ख्या घराण्यात मी एकटाच होतो. चालवता येणारा म्हणजे, एका ड्रायव्हरच्या शेजारी बसून मी एकदा कल्याणपर्यंत गेलेलो.

काका खरं तर कल्याणच्या लष्करी छावणीतल्या लिलावाला लोखंडी खाट आणायला गेले होते. खाटा संपल्या. काका जन्मात कुठून रिकाम्या हातानं परत आलेले नाहीत, म्हणून जीप घेऊन आले. अख्खं युद्ध अंगावर काढलेली, हिरवट, फाटक्या टपाची. तिला साठ घोड्यांची ताकद आहे, हे काका सगळ्यांना सांगत. तिला रिव्हर्स नाही, हे कोणालाच सांगत नसत. मला वाटतं, तो लष्करानंच काढून टाकला असावा. माघार घ्यायचीच नाही, तर हवाय कशाला! हँडब्रेक मात्र होता. पण तो देवासारखा, श्रद्धा असेल त्यालाच पावायचा.

या जीपच्या जोरावर काकांनी आपल्या मुलीचं, आमच्या शुभदाचं, लग्न जमवलं. मुलगी पसंत होतीच. पण मुलाचे वडील, ठाण्याचे विठ्ठलराव, यांचा जन्म कोर्टाच्या कचेरीत गेलेला. जेवताना वाढलेलं मीठसुद्धा ते कलमवार तपासून घेत.

"आमची मागणी एकच," ते म्हणाले. "वरात मोटारीतून. आमच्या आळीत घोडा झालाय, बग्गी झाली. मोटार झालेली नाही."

"अहो, साठ घोड्यांची मोटार देतो!" काका म्हणाले.

"साठ. ठरलं," विठ्ठलराव म्हणाले, आणि सुपारी फुटली.

नवरदेव प्रभाकरराव ठाण्याच्या एका शाळेत शास्त्र शिकवायचे. माणूस लाखात एक. शुभदा त्यांच्यावर खूष, ते शुभदावर खूष. दोष एवढाच की, या गृहस्थांना जगातल्या प्रत्येक जिवाची काळजी होती. चहात पडलेली माशी ते बाहेर काढत, बशीत ठेवत, आणि ती उडेपर्यंत चहा पीत नसत. मला हे आधी माहीत असतं, तर "चला प्रभाकरराव, वरातीच्या मोटारीची चाचणी घेऊ, रस्ता सोडून!" असं मी म्हणालोच नसतो.

लग्नाला तीनेक आठवडे होते. वैशाखाचं ऊन. कल्याण मागे पडलं, आंबिवली आली, आणि मी जीप सरळ माळावर घातली. काय सांगू! बांध ओलांडले, करवंदीच्या जाळ्या आडव्या केल्या, एक कुंपण तर आमच्याबरोबरच यायला निघालं. मी हवेत होतो. अधूनमधून जीपही हवेत होती.

"थांबवा!" प्रभाकरराव ओरडले.

थांबवली. पुढे मुंग्यांची रांग चालली होती. ती संपेपर्यंत आम्ही बसून राहिलो. मुंग्यांची रांग संपत नसते, हे मला त्या दिवशी कळलं. शेवटी वळसा घातला.

"थांबवा!"

सरडा. त्याला हातानं "जा बाबा, जा" करून झालं.

"थांबवा!"

या वेळी शेणकिडा. आपल्याहून मोठी गोळी मागच्या पायांनी ढकलत, उलटा चालत तो माळ ओलांडत होता. जे आमच्या जीपला जमत नव्हतं, ते त्याला सहज जमत होतं!

"सुधीरराव, आपण इथं पाहुणे आहोत," प्रभाकरराव म्हणाले.

"कोणाचे?"

"यांचे." आणि त्यांनी शेणकिड्याकडे बोट दाखवलं.

एवढं झाल्यावर कोणीही शहाणा परत फिरला असता. पण परत फिरायला रिव्हर्स लागतो! मी पुढेच निघालो. एका जुन्या आंब्याखालून जीप उताराला लागली, आणि प्रभाकरराव असे किंचाळले की, मी ब्रेकवर उभाच राहिलो. त्यांचं नाक काचेला लागलं. नाकाचं त्यांना काहीच नव्हतं. ते उडी मारून खाली उतरले आणि चाकासमोर पालथे पडले.

पुढच्या चाकापासून वीतभर अंतरावर, खड्यांच्या मधोमध, चार अंडी. मातकट रंगाची, त्यावर काळपट ठिपके. आणि त्यांची आई माझ्या डोक्यावरून "टिटीव टिव! टिटीव टिव!" करत अशा घिरट्या घालत होती की, मी टपाखाली लपलो. तो टप नेमका तिथंच फाटलेला होता.

"टिटवी!" प्रभाकररावांचा आवाज गहिवरला. "गाडी आता हलायची नाही."

मी परिस्थिती पाहिली. पुढे अंडी. डावीकडे कातळ. उजवीकडे ओहोळ. मागे चढ. हँडब्रेकवर माझी श्रद्धा होती, प्रभाकररावांची नव्हती. त्यांनी चाकाला एक दगड लावला.

"पण कधीपर्यंत?"

"पिल्लं बाहेर येईपर्यंत."

"आणि वरात?"

"तिला विचारा," ते म्हणाले, आणि टिटवीकडे पाहिलं. टिटवीनं काय उत्तर दिलं, ते मी इथं लिहू शकत नाही.

एवढ्यात हातात कोयता घेऊन एक बाई आली. हौसाबाई. माळ तिचा, आंबा तिचा, करवंदी तिच्या.

"कोन रं तो? माझ्या जाली कुनी आडव्या केल्या? बापानं रस्ता नाय दाखवला का कधी?"

मी प्रभाकररावांच्या मागे उभा राहिलो. जावयाला कोणी मारत नाही, अशी आपली समजूत. पण हौसाबाईची नजर अंड्यांवर गेली आणि कोयता खाली आला.

"चार! आनि उंचावर!" ती एकदम हसली. "म्हंजे चारी महिनं पानी! आरं, गेल्या साली दोनच घातलीवती, खड्ड्यात. पाऊस कसा पडला, ठाव हाय ना?"

"मावशी," मी गोड आवाजात म्हणालो, "तुमचे बैल द्या. गाडी मागे ओढून घेतो."

"खबरदार! टिटवी गाडीच्या सावलीला बसलीय. सावली गेली तं टिटवी जाल, टिटवी गेली तं पानी जाल. मंग तुमच्या डोंबिवलीत काय खाशाल? आगगाडीचा कोलसा?"

प्रभाकरराव भारावून तिच्याकडे बघत होते. दोघांचं असं मेतकूट जमलं की, मला वाटलं, हे आता शुभदाला विसरणार!

घरी येऊन काकांना सांगितलं. काका पाटावर बसले होते, ते उठून उभे राहिले, मग पुन्हा बसले, मग म्हणाले, "सुध्या, युद्धात या गाडीवर बाँब पडलेत. तेव्हा ती अडली नाही. आणि तू ती चार अंड्यांपुढे अडवलीस!"

दुसऱ्या दिवशी कोणाला न सांगता काका आंबिवलीहून बैलजोडी घेऊन माळावर गेले. टिटवीनं आधी काकांची टोपी उडवली. मग ती बैलांवर उतरली. बैल दोर तोडून जे सुटले, त्यातला एक ओहोळात सापडला आणि दुसरा आंबिवलीच्या फलाटावर, कसाऱ्याकडे तोंड करून उभा असलेला.

व्हायचं तेच झालं. बातमी ठाण्याला पोचली. विठ्ठलराव आले. प्रभाकररावही आले. चहा आला. प्रभाकररावांच्या चहात माशी नव्हती, एवढंच त्या दिवशी बरं झालं.

"मोटार नाही, तर वरात नाही," विठ्ठलराव म्हणाले. "आणि वरातच नाही, तर सून माझ्या घरात येणार कशी?"

"चालत येईल, बाबा," प्रभाकरराव म्हणाले.

"तू गप्प बैस! त्र्यंबकराव, गाडी ओढून काढा."

"गाडी हलली, तर मी बोहल्यावर चढणार नाही," प्रभाकरराव शांतपणे म्हणाले.

"गाडी हलली नाही, तर मी तुला चढू देणार नाही!"

बाप-लेक एकमेकांकडे बघत राहिले. दोघांच्या हनुवट्या अगदी सारख्या होत्या. काका माझ्याकडे बघत राहिले. मी अडकित्त्याकडे. स्वयंपाकघराच्या दारात शुभदा उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ती रडत नव्हती. लग्नाच्या साड्यांची घडी मोडायच्या आत लग्नच मोडायला निघालेलं, आणि कारण काय, तर मी रस्ता सोडला! मला पहिल्यांदाच जरा घाम फुटला.

"मी एक विचारू?" ती विठ्ठलरावांना म्हणाली. "बोलणी झाली तेव्हा काय ठरलं होतं?"

"वरात मोटारीतून."

"मोटार चालती हवी, असं ठरलं होतं?"

चाळीस वर्षांची कचेरी विठ्ठलरावांच्या कपाळावर गोळा झाली. "नाही," ते शेवटी म्हणाले. "तसं कलम नव्हतं."

"मग वरात मोटारीतूनच काढू. मोटार राहील उभी. वरातीनं फिरावं तिच्याभोवती."

"त्र्यंबकराव," विठ्ठलराव हळूच म्हणाले, "ही मुलगी आमच्या घरी लवकर पाठवा."

तर वाचकहो, अशी वरात तुम्ही पाहिली नसेल. सकाळी डोंबिवलीत लग्न लागलं. जेवणं झाल्यावर सगळं वऱ्हाड आगगाडीनं आंबिवलीला उतरलं, तिथून बैलगाड्यांतून माळावर. जीपला झेंडूच्या माळा घातल्या. प्रभाकररावांनी रांगोळीनं अंड्यांभोवती एक रिंगण काढलं आणि सगळ्यांना दम दिला, "याच्या आत पाऊल नाही. आवाज नाही. फटाक्यांचा बार नाही."

"बँड?" बँडवाल्यानं विचारलं.

"वाजवा. पण आवाज न करता."

नवरा-नवरी जीपमध्ये बसली. समोर टिटवी अंड्यांवर बसली, डोळे वटारून. आणि वरात निघाली! म्हणजे, जीपभोवती फिरू लागली. क्लॅरिनेटवाला नुसतेच गाल फुगवत होता. ढोलवाला ढोलाला हात लावल्यासारखं करून परत घेत होता. बायका ओठ हलवून गाणी म्हणत होत्या. विठ्ठलराव फेटा सावरत चवड्यांवर चालत होते आणि कोणी शिंकलं की कुजबुजून शिव्या देत होते. सगळं गाव कातळावर बसून बघत होतं. हौसाबाई म्हणाली, "सगली मुकी दिसतान. पन घरानं चांगलं हाय."

आणि काय योग! कितव्या तरी फेरीला टिटवी उठली. एक कवच तडकलं. मग दुसरं. बघता बघता चार ओली पिल्लं बाहेर आली, उन्हात जरा सुकली, आणि काटक्यांसारख्या पायांवर आईच्या मागे तुरुतुरु करवंदीत निघून गेली. जाताना कोणाचे आभारही मानले नाहीत.

प्रभाकररावांनी डोळे पुसले. "सुधीरराव, आता तुमची गाडी मोकळी!"

"वाजवा रे!" विठ्ठलराव गरजले. इतका वेळ दाबून धरलेला बँड असा फुटला की, आंब्यावरचे कावळे कल्याणला गेले. "चला, आता चालती वरात! सुधीरराव, बसा!"

मी रुबाबात गेलो, चाकाचा दगड काढला, आणि उडी मारून सुकाणूवर बसलो. इंजिन आधी सुरू करायचं असतं, हे माझ्या लक्षात आलं, पण तेव्हा जीप निघाली होती. हँडब्रेकवरची माझी श्रद्धा त्याच क्षणी उडाली.

साठांतला एकही घोडा जागा नव्हता, तरी जीप सुसाट! मागे वऱ्हाड पळतंय, त्यामागे बँड पळता पळता वाजवतोय, आणि कानाशी प्रभाकरराव, "डावीकडे वारूळ! उजवीकडे, उजवीकडे, घोरपड! अहो, तो निवडुंग फुलावर आलाय!" मी वारूळ चुकवलं, घोरपड चुकवली, निवडुंगही चुकवला. करवंदीचं एक पानसुद्धा मोडलं नाही. आयुष्यात इतकी जपून गाडी मी कधी चालवली नव्हती, आणि नेमकं तेव्हा इंजिन बंद होतं! शेवटी हौसाबाईच्या खळ्यावर पेंढ्याच्या उडवीत जीप नाकापर्यंत शिरली आणि थांबली.

शुभदाच्या मुंडावळ्यांत पेंढा अडकलेला. ती मात्र हसत होती. "सुध्या, परत एकदा!"

विठ्ठलराव धापा टाकत पोचले. "सपाटी लागली! अंडी नाहीत! पुढे रस्ता आहे! आता सुरू करा!"

मी बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. आतून "चिक!" असा आवाज आला. इंजिनाचा नव्हता. प्रभाकररावांनी उतरून बॉनेट जरासं उचललं, आत पाहिलं, आणि झोपलेल्या बाळावर पांघरूण घालावं तसं अलगद खाली ठेवलं.

"खार," ते म्हणाले. "पिल्लं आहेत. डोळेसुद्धा उघडले नाहीत अजून."

मग हौसाबाईनं न विचारता आपले बैल आणून जीपला जुंपले.

जीप आंबिवलीच्या रस्त्याला लागली ती अशी: पुढे बैल, बैलांच्या पुढे दोर धरून मी, मागे माळा घातलेल्या जीपमध्ये नवरा-नवरी, बॉनेटमध्ये खारीचं कुटुंब, आणि मागे बँड, पुन्हा मुका. मी अगदी रस्त्याच्या कडेकडेनं चाललो होतो. स्टेशनाशी विठ्ठलराव थांबले. त्यांनी बैलांकडे पाहिलं, मग काकांकडे.

"त्र्यंबकराव, तुम्ही साठ घोडे कबूल केले होते. हे दोन बैल आहेत."

काकांनी घाम पुसला. "उरलेले," ते म्हणाले, "दिवाळसणाला पाठवतो!"

आणि दिवाळीत त्यांनी खरंच अख्खी जीप जावयाला दिली. प्रभाकररावांना इतका आनंद झाला की, त्यांनी ती आजवर सुरू केलेली नाही. ठाण्यात त्यांच्या अंगणात ती उभी असते. वर दुधीचा वेल आहे, दिव्यात गांधीलमाश्या आहेत, हत्यारांच्या पेटीत एक बेडूक राहतो. मी कधी गेलो, तर जाऊन सुकाणूवर बसतो. चार वर्षांत ती इंचभर हलली नाही, पण बसलो की मला हुरूप येतो. मी भोंग्याकडे हात नेतो.

"सुध्या!" आतून शुभदा ओरडते. "हळू! भोंग्यात चिमणी बसलीय!"

मग मी तोंडानंच वाजवतो. हळू आवाजात.