बिपना घर्तीचे आठ सत्कार

गुणी माणसाला मदत करण्यापेक्षा त्याचा सत्कार करणं केव्हाही श्रेयस्कर. मदतीत आपला वेळ जातो, शिवाय पुढे काय झालं याची चौकशी करावी लागते. सत्कार शाल-श्रीफळात आटोपतो आणि फोटोही येतो.

हे ठाऊक नसल्यामुळेच बिपना घर्ती आमच्या बहरीनमधल्या मराठी महिला मंचाकडे मदत मागायला आली. नऊ वर्षं नेपाळच्या संघातून आंतरराष्ट्रीय क्रिकेट खेळलेली ही मुलगी सध्या जुफैरच्या एका जिममध्ये रिसेप्शनवर बसते. दोन महिन्यांनी काठमांडूत निवड चाचणी होती. वय एकतीस, सराव बंद, सुट्टी फक्त शुक्रवारी. आणि मआमीरजवळचं मैदान शुक्रवारी सकाळी आमच्या मंचाच्या नावावर असतं (आम्ही तिथे वर्षातून एकदा लिंबू-चमचा खेळतो).

"दीदी, बस दो घंटे ग्राउंड चाहिए. और कोई बॉल डालनेवाली."

अध्यक्षा हेमाताईंचे डोळे भरून आले. "अगंबाई, इंटरनॅशनल प्लेअर! आणि आपण हिचा साधा सत्कारसुद्धा केला नाही!"

विषय सोमवारच्या बैठकीत आला. सोमवारी माझं मौन असतं. त्यामुळे ठराव एकमताने मंजूर झाल्याची नोंद आहे.

पहिला सत्कार शुक्रवारी सकाळी झाला, कारण सगळ्यांना तेव्हाच सवड. दुसरा, पहिल्याला न आलेल्यांसाठी. तिसरा मंचातल्या कश्मिराने घडवून आणला. आधीच्या दोन्ही सत्कारांच्या फोटोंत कश्मिराला कुणीतरी झाकलं होतं. चौथ्याला हळदीकुंकू जोडून घेतलं. पाचव्यात 'खेळ आणि संस्कार' या विषयावर आम्ही बोललो, ती ऐकत होती. सहाव्याला ती बॅट घेऊन आली. बॅटची पूजा मीच सांगितली.

सातव्याला तिने विचारलं, "दीदी, आज प्रॅक्टिस?"

"करू गं, इंशाल्ला," हेमाताई म्हणाल्या (रजेचा अर्ज दिला की इथल्या ऑफिसात साहेब म्हणतात, त्या चालीवर). "आधी शाल तर घे!"

आठ शुक्रवारांचा गोषवारा: शाली नऊ (बाहेर बेचाळीस अंश), नारळ अकरा, भाषणं सदतीस, टाकलेले चेंडू शून्य. (मी टाकले असते. पण शुक्रवारी माझा उपास, आणि उपाशीपोटी गोलंदाजी शास्त्राला मान्य नसावी. शास्त्र मी पाहिलेलं नाही.)

चाचणीत बिपना दुसऱ्याच चेंडूवर त्रिफळाचीत झाली. संघात नाव आलं नाही. हेमाताई म्हणाल्या, "दोन चेंडू तरी खेळली की! आपल्याला एक तरी जमेल का?"

परत आल्यावर तिने मला फोन केला. "दीदी, दिसंबर में एक और चान्स दिया है. उसके बाद खलास. इस बार सत्कार मत करना, प्लीज. सिर्फ बॉल डालो."

मंचाने विनंती गांभीर्याने घेतली. सत्कार रद्द झाला. त्याऐवजी ग्रुपवर दोन याद्या फिरवल्या: एक चेंडू टाकायला येणाऱ्यांची, दुसरी बिपनाच्या जिद्दीचं मनापासून कौतुक वाटणाऱ्यांची. पहिली अजून कोरी आहे. दुसरीत त्रेचाळीस नावं झाली, पहिलं माझं.

वाचकहो, इथवर येताना तुम्हालाही गलबलून आलं असेलच. कोणत्या यादीत घालू, हे विचारत बसले नाही. चव्वेचाळिसावं नाव तुमचं लिहून टाकलं आहे.