पाहुण्यास आग्रह करू नये

माणसाची भूक पोटात असते, पण लायकी काट्याच्या टोकावर असते. हे सत्य जगाला फार पूर्वी कळलं. बहरीनमधल्या टाइल्स विकणाऱ्या एका कंपनीला ते १९९८ साली कळलं, आणि कळल्याबरोबर कंपनीने त्याचा कोर्स काढला.

झालं असं की, ही कंपनी इटलीहून टाइल्स आणायची आणि सीफमध्ये नवं शोरूम उघडणार होती. इटलीच्या कारखान्याने कळवलं की, तुमचा एक माणूस ट्रेनिंगला पाठवा. आमचे सिन्योर गास्पेरी येतील आणि माणूस निवडतील. निवडलेला माणूस परत आला की शोरूमचा इनचार्ज. आता टाइल्सच्या ट्रेनिंगला टाइल्स कळणारा माणूस पाठवावा, असं एखाद्या अडाण्याला वाटेल. पण पर्सोनेल मॅनेजर ताहिरसाहेबांनी खुलासा केला की, टाइल्स काय, तिथे गेल्यावरही कळतील. जेवायला मात्र पहिल्याच दिवशी बसावं लागतं.

दोन नावं पुढे आली. एक शिपिंगमधला क्लार्क नझीर, मूळचा दाभोळचा. दुसरा हरिदास, वर्ध्याचा, टाइल्स बसवणाऱ्या माणसांवरचा फोरमन. हरिदासला इटलीला जायचं होतंच असं नाही. त्याला बोलावलं म्हणून तो आला होता. नझीरला मात्र जायचंच होतं. त्याची बायको सुरैया आणि मुलगी सबा त्या वेळी व्हिजिट व्हिसावर आल्या होत्या. एरवी नझीर हूऱ्यात चौघांच्या खोलीत पाचवा म्हणून राहायचा. आता तिघं राहत होते तो सनाबिसचा फ्लॅट मित्राचा, तौकीरचा. तो रजेवर गावी गेला होता म्हणून मिळालेला. इनचार्ज झाला तर नझीरला फॅमिली व्हिसा लागू होणार. नाही झाला तर व्हिजिट संपला की खलास, दोघी परत दाभोळला. मुलगी आली तेव्हा बापाला ‘अंकल’ म्हणत होती. हे नझीरने ऑफिसात कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं ते नव्हतंच.

कोर्स हूऱ्यातल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये झाला. शिकवायला स्वतः ताहिरसाहेब. इटलीचा त्यांना दांडगा अनुभव होता. लंडनला जाताना एकदा विमान बिघडलं आणि रोमच्या विमानतळावर त्यांनी एक अख्खं सँडविच खाल्लं होतं. (अर्धं आधी, अर्धं विमान दुरुस्त झाल्यावर.) त्यांनी सुरुवातीलाच आकडेवारी दिली. परदेशात होणाऱ्या अपमानांपैकी एकाहत्तर टक्के काट्यामुळे, बावीस टक्के सुरीमुळे होतात. उरलेले सात टक्के कशामुळे, हे विचारायची हिंमत कुणाला झाली नाही. मग नियम सांगण्यात आले:

स्पगेटी तोडू नये. ती लांब आहे, हे तिचं व्यंग नसून वैशिष्ट्य आहे.

मासळीवर चीज घालू नये. (दाभोळच्या इतिहासात मासळीवर चीज घातल्याची नोंद नाही. तरी मनाई ती मनाईच.)

जेवणानंतर दुधाची कॉफी मागू नये. ती सकाळची. दुपारी मागणाऱ्याला इटलीत आजारी समजतात.

धर्माला किंवा पोटाला जे चालत नाही, ते ताटात एका बाजूला सन्मानपूर्वक सारावं.

आणि सर्वांत महत्त्वाचं, पाहुण्यास आग्रह करू नये. युरोपियन माणूस ‘नको’ म्हणाला म्हणजे नको. दुसऱ्यांदा विचारणं हा त्याच्या खासगी पोटावरचा हल्ला समजावा.

हरिदास बऱ्यापैकी झोपला होता. या नियमाला त्याला जाग आली. “अन् पोट नाई भरलं तं?” त्याने विचारलं.

“हा प्रश्न सिलॅबसमध्ये नाही,” ताहिरसाहेब म्हणाले.

परीक्षेत नझीर पहिला आला. हरिदासही दुसरा आला, कारण दोघेच होते.

नझीरने घरी सराव सुरू केला. स्पगेटी महाग, म्हणून सुरैया शेवया उकडायची आणि नझीर त्या काट्याला गुंडाळायचा. शेवया तुटायच्या, नझीर कपाळाला हात लावायचा, मुलगी खदाखदा हसायची. सुरैयाने सगळं मुकाट्याने सोसलं. शेवटच्या नियमाला मात्र तिचा तोल गेला.

“आग्रह नाय करायचा? मग पाहुण्याला कळणार कसा, आपला आलेला कुणाला आवडला की नाय?”

“त्यांच्यात कळतो,” नझीर म्हणाला.

“कसा?”

हेही सिलॅबसमध्ये नव्हतं.

सिन्योर गास्पेरी आले आणि कंपनीने ठरवलं की त्यांनी शुक्रवारी दुपारी नझीरच्या घरी जेवावं. म्हणजे उमेदवाराचं संस्कारमापन प्रत्यक्ष ताटावर होईल. सुरैया पहाटेपासून उठली होती. बाई गं, काय तो थाट! खिम्याचे समोसे, तळलेली सुरमई, नारळाच्या रसातली कोलंबी, दम दिलेली बिर्याणी आणि शेवटी सांदणं. सांदणांसाठी तिने दाभोळहून उकडा तांदूळ बॅगेतून आणला होता. तो ईदसाठी ठेवलेला होता, पण व्हिसाचं काम ईदच्या आधी होतं.

जुम्याची नमाज उरकून नझीर घरी पोचतो तोच हरिदास पाहुण्याला कंपनीच्या पिकअपमधून घेऊन आला. गास्पेरी म्हणजे भरल्या घरचा माणूस. पोट आधी आत आलं, मागून ते स्वतः आले. आत येताच त्यांनी डोळे मिटून बिर्याणीचा वास घेतला. तो वास नियमात कुठे बसवावा, हे नझीरला कळलं नाही म्हणून त्याने तिकडे दुर्लक्ष केलं.

“सिन्योर, समोसा?” नझीरने विचारलं.

गास्पेरींनी छातीवर हात ठेवला. “नो, नो, थँक यू.”

नझीरचा ऊर भरून आला. अगदी कोर्समध्ये सांगितलं होतं तस्संच! त्याने समोशांची ताटली तत्काळ उचलून लांब ठेवली. सुरमईचं तेच झालं. कोलंबीचं तेच झालं. बिर्याणीचं झाकण उघडलं, वाफ वर गेली, पाहुणे “नो, नो” म्हणाले, नझीरने झाकण लावलं. दर वेळी गास्पेरी गेलेल्या भांड्याकडे किंचित वळून बघायचे आणि नझीर मनात स्वतःला एक गुण द्यायचा. हरिदास तिकडे न विचारता वाढून घेत होता आणि बोटं चाटत होता. त्याचं नझीरला वाईटही वाटलं आणि, खरं सांगायचं तर, बरंही वाटलं.

ज्यासाठी विचारावं लागत नव्हतं ते गास्पेरींनी आपलं आपण घेतलं. म्हणजे कांद्याच्या चार चकत्या, लिंबाची एक फोड आणि पाणी. पाणी मात्र बरंच प्यायले.

सांदणं आली. नझीरने एकदा विचारलं. “नो, नो.” तेवढ्यात मुलगी, कुणी सांगितलं नसताना, ताटली दोन्ही हातांनी धरून पाहुण्यासमोर जाऊन उभी राहिली. गास्पेरी विरघळले, तिच्या गालाला हात लावून, अगदी हळू, पुन्हा “नो, नो” म्हणाले. आता सुरैयाला राहवेना. ती डोक्यावरचा पदर सावरत स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि तिने मुलीच्या हातून ताटली घेतली. नझीरने पाहिलं, गास्पेरींचा हात टेबलावरून जरासा पुढे आला होता. अडवायलाच, दुसरं काय! त्याने सुरैयाकडे असे डोळे वटारले की ती बिचारी आल्या पावली मागे फिरली.

शेवटी नझीरने कॉफी दिली. बिनदुधाची. उपाशी पोटी.

पाहुणे गेल्यावर सुरैया भिंतीला टेकून बसली आणि रडायला लागली. “अवो, माझ्या घरातून माणूस उपाशी उठून गेला. माझ्या अम्मीला कळला तर ती तोंड नाय बघायची माझा.”

“अगो, खूष होऊन गेला तो! एकदाही जबरदस्ती नाय केली आपण,” नझीर म्हणाला. त्याच आनंदात त्याने सगळी बिर्याणी एकट्याने खायला घेतली. दोन घासांनंतर त्याने झाकण पुन्हा लावलं, का ते त्यालाही कळलं नाही.

इकडे पिकअप हूऱ्यातून चालली होती. रस्त्याच्या कडेला शवर्म्याची मांसाची चळत आगीसमोर फिरत होती. गाडी पुढे गेली तशी गास्पेरींची मान मागे मागे गेली. हरिदासने ते बघितलं आणि गाडी वळवली.

“शवर्मा?”

“नो, नो, थँक यू.”

“घ्या ना बाप्पा.”

“नो, नो.”

“घे म्हनतो ना तुले! काहून लाजतं?” आणि हरिदासने तो त्यांच्या हातात कोंबला.

गास्पेरींनी तो उभ्यानेच खाल्ला. दोन्ही हातांनी, कोपरापर्यंत ओघळ येऊ देत. मग दुसरा खाल्ला. तिसऱ्याच्या वेळी त्यांना बोलता आलं. त्यांच्या कारखान्यानेही एक कोर्स काढला होता: पूर्वेकडच्या माणसाकडे जेवायला गेलात तर प्रत्येक पदार्थाला दोनदा ‘नको’ म्हणावं, तिसऱ्यांदा घ्यावं, नाहीतर हावरट समजतात. कोर्समध्ये तेही पहिले आले होते. “ती बाई ताटली घेऊन आली तेव्हा मी हात पुढे केला होता,” ते म्हणाले, “पण ती परत गेली.”

शनिवारी निवड जाहीर झाली. हरिदास.

हरिदासने नझीरला गाठून हे सगळं सांगितलं. “मी म्हनलं त्याले, नझीरभाऊले पाठवा, तो लय चांगला मानूस हाय. तो म्हने, गुड मॅन, व्हेरी गुड मॅन. बट नो फूड.”

नझीर ताहिरसाहेबांकडे गेला. “साहेब, मी सगळं तुम्ही सांगितलं तसंच केलं होतं.”

“म्हणून तर तुझं कौतुक आहे,” ताहिरसाहेब म्हणाले. “प्रक्रिया तू शंभर टक्के बरोबर पार पाडलीस. निकाल हा प्रक्रियेचा भाग नसतो.” आणि शंभर टक्के प्रक्रिया बाळगणारा माणूस वाया जाऊ नये म्हणून त्यांनी नझीरला कोर्सचा सहायक शिक्षक नेमलं. (मानद. म्हणजे पगार मफी, अरबीत ‘नाही’.)

व्हिजिट व्हिसा संपला. मुहर्रकच्या विमानतळावर सुरैयाने नझीरच्या हातात डबा दिला. तिने फक्त डब्यात काय ठेवलंय आणि आधी काय संपवायचं ते सांगितलं. मुलगी आता कुठे ‘अब्बा’ म्हणायला लागली होती. काचेच्या पलीकडे गेल्यावरही ती वळून वळून तेच म्हणत होती, आवाज येत नव्हता. नझीर रडला. चारचौघांत, विमानतळावर, रुमालात तोंड खुपसून रडला.

हरिदास इटलीहून परतला तो शर्टाची बटणं लागेनात इतका सुटून. गास्पेरींनी त्याला घरी उतरवलं होतं. “त्याची म्हातारी माय हाय,” तो म्हणाला, “वाढतच जाते, वाढतच जाते. हात आडवा केला तं हातावर मारते. आपल्या मायसारखीच हाय गा.”

“तू ‘नको’ नाय म्हणालास?” नझीरने विचारलं.

“म्हनलो ना! आयकते कोन?”

कोर्स अजून चालू आहे, दर महिन्याला नवी बॅच असते. नझीर उत्तम शिकवतो आणि शेवटी परीक्षा घेतो. तुम्ही इथवर वाचलंत, तेव्हा तुमचीही घ्यायला हरकत नाही. वर न बघता सांगा: मासळीवर काय घालू नये? जेवणानंतर कुठली कॉफी मागू नये? शाबास, पाठच झालंय तुम्हाला. आता, काचेच्या पलीकडून ‘अब्बा’ म्हणत दाभोळला गेली त्या पोरीचं नाव सांगा.