तिसरं चरण

गारखेड्यात अभय सरांचा गणिताचा क्लास तळमजल्यावर होता आणि वर आशाबाई प्रश्नकुंडली मांडायच्या. हरवलेली अंगठी कुठंय, बदली कधी होईल, असा एकच नेमका प्रश्न विचारायचा. त्या घड्याळात बघून त्याच क्षणाची कुंडली मांडायच्या आणि उत्तर द्यायच्या. जिन्यावर रोज चपलांचा खच पडे. सरांच्या दारात मोजून सात जोड, त्यातला एक त्यांचा स्वतःचा. शिकवतानाही सरांचे कान जिन्यावरच्या पावलांकडे असत आणि प्रत्येक पावलागणिक त्यांचा जीव जळे.

एका दुपारी फळ्यावर दोन अक्ष काढून ते मुलांना अक्षांनी पडणारे चार भाग, म्हणजे चारही चरणं समजावत होते, तोच वैजापूरचे नानासाहेब जिना चुकून क्लासात शिरले. फळा बघून त्यांनी हातच जोडले.

"कुंडली मांडूनच ठेवली व्हय! महाराज, माझी फटफटी सापडंना. सकाळी क्रांती चौकाजवळ कुठंतरी लावली. काम उरकलं, तर आता गल्लीच ध्यानात नाय."

'वर जा' एवढंच सांगायचं होतं. पण आशाबाईंचं गिऱ्हाईक आयतं हाती आलेलं! सर म्हणाले, "बसा. गाडी लावून चौकाकडं चालताना ऊन कुठं लागत होतं?"

"आधी डोळ्यांत. तीन गल्ल्या तसाच आलो. मंग डावीकडं वळलो, तवा उजव्या गालाला. चार गल्ल्यांवर चौक."

"चौक हा आरंभबिंदू," सरांनी ठिपका दिला. "तुम्ही आधी पूर्वेला चाललात, मग उत्तरेला. आता उलटं जा. चौकातून चार गल्ल्या दक्षिणेला, तिथून तीन पश्चिमेला. गाडी तिसऱ्या चरणात आहे."

"कोणत्या नक्षत्राच्या?"

"नक्षत्र नाही हो! नुसतं तिसरं चरण."

तासाभरात नानासाहेब फटफटीवर बसून पेढे घेऊन आले. दुसऱ्या दिवशी अर्धं वैजापूर क्लासात. कुणाची म्हैस, कुणाचं आधार कार्ड, कुणाचा जावई. "हे गणित आहे," असं सर जसजसं सांगत, तसतसा लोकांचा विश्वास आणखीच वाढे. वरचा जिना मात्र ओस पडला. तो रिकामा जिना बघायला सर दिवसातून चारदा बाहेर येत. आयुष्यात इतकं गार त्यांना कधी वाटलं नव्हतं.

चौथ्या दिवशी आशाबाई खाली आल्या. सरांनी ऐटीत खुर्ची पुढं केली. "या! काय हरवलं?"

"माझं काय हरवायचंय? खडू द्या दोन, संपलेत."

"खडू? तुम्हाला?"

"तुमची पोरं तीन दिवसांपासून वर बसतात सर. इथं त्यांना टेकायला जागा ठेवली का तुम्ही? रिकामी बसली होती मागच्या अंगणात, म्हणून मागच्या जिन्यानं वर नेऊन मीच चरणं शिकवली. शिवाय तेवढ्या दिवसांत बाजूच्या गल्लीतली आणखी नऊ आलीत."

"तुम्ही? गणित?"

"त्यात काय एवढं? आमच्या कुंडलीत बारा घरं. तुमच्यात तर चारच."

वरून पंधरा पोरांचा एकदम हसण्याचा आवाज आला. सरांच्या क्लासात इतकी वर्षं कुणी हसलं नव्हतं. समोर बसलेल्या म्हातारबाबांनी म्हशीचं दावं पुढं केलं, "महाराज, बघा ना." पण महाराजांचे कान छताला लागले होते.