अप्पांनी बसून बघितलेली जीप

आमच्या शेजारचे अप्पा कुठलीही वस्तू विकत घेण्याआधी तिच्यावर बसून बघतात. खुर्ची, कॉट, सोफा इथवर कुणाची हरकत नसते. पण गच्चीवरची पाण्याची टाकी घेताना ते आधी टाकीवर बसले, मग मांडी घालून टाकीत बसले. टीव्हीवर बसता येत नाही, म्हणून दुकानात बंद टीव्हीसमोर स्टूल टाकून अख्खी दुपार बसले. दुकानदारानं चालू करून दाखवतो म्हटलं, तर म्हणाले, "नको. बंद असताना कसा वाटतो ते बघायलोय. जास्त वेळ बंदच राहणार की."

त्यांचं ठरलेलं वाक्य एकच. "बसल्याबिगर कळत न्हाय."

अप्पांचं सोलापुरात चादरींचं दुकान. आता ते दोन मुलं बघतात. अप्पा मला मास्तर म्हणतात. मी मास्तर नाही, विमा कंपनीत आहे, पण चष्मा आहे आणि वर्तमानपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचतो, एवढ्यावर त्यांनी मला ती नोकरी दिली. विमा कंपनीत असल्यामुळे मला गाड्यांतलं कळतं, अशीही त्यांची समजूत आहे. म्हणूनच पोलिसांच्या जुन्या गाड्यांचा लिलाव आहे ही बातमी लागताच ते सकाळी सकाळी माझ्या दारात उभे राहिले.

"मास्तर, पोलिसची जीप घ्यावी म्हणतो."

मी चहा बाजूला ठेवला. अप्पांना गाडी चालवता येत नाही. सायकलसुद्धा ते हातात धरून चालवतात. पण त्यांची कारणं तयार होती. सरकारी गाडी म्हणजे तेलपाणी वेळेवर झालेलं असणार. पोलिसची गाडी म्हटल्यावर पूर्वी लोक बाजूला व्हायचे, ती सवय थोडी तरी शिल्लक असणार. आणि तिसरं कारण, तेच खरं होतं, ते त्यांनी चपला घालता घालता सांगितलं. "समदी एका गाडीत बसतील."

समदी म्हणजे घरची माणसं. थोरला मल्लिनाथ खालच्या मजल्यावर, धाकटा बसवराज वरच्या. एकाच दुकानात शेजारशेजारच्या गाद्यांवर बसतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत. भांडण पाटीवरून झालं. दुकानावर अप्पांनी स्वतःच्या हातानं रंगवलेली पाटी होती, त्यांच्या बायकोच्या नावाची: नीलम्मा चादर भांडार. नीलम्मा गेल्यावर वर्षभरानं बसवराजनं ती उतरवली आणि नुसत्या इंग्रजी अक्षरांची, दिवे लागणारी नवी लावली. बाहेरगावच्या गिऱ्हाइकाला जुनं नाव घेता येत नाही, असं त्याचं म्हणणं. मल्लिनाथचं म्हणणं, विचारलं का नाहीस. जुनी पाटी तो कुठंतरी घेऊन गेला आणि त्या दिवसापासून दोघांमध्ये बोलणं नाही.

मधले सगळे निरोप अप्पा नेतात. वरून हाक येते, "अप्पा, त्याला सांगा पाण्याची मोटार बंद कर." खालून उत्तर जातं, "अप्पा, त्याला सांगा केली." दोघांनाही दोघांचं ऐकू येत असतं, तरी अप्पा प्रत्येक निरोप जिना चढून पोचवतात.

अक्कलकोटच्या पलीकडं त्यांचं गाव आहे. तिथल्या जत्रेला पूर्वी सगळी एका भाड्याच्या जीपमधून जायची. आता एक मुलगा शनिवारी मोटारसायकलवर बायकोमुलांना घेऊन जातो, दुसरा रविवारी. देवाला नैवेद्य दोनदा मिळतो आणि अप्पांना एसटीचे हेलपाटेही दोनदा होतात.

तर आम्ही गाडी बघायला गेलो. पोलिसांच्या मैदानात लिलावाच्या गाड्या ओळीनं उभ्या होत्या आणि एक हवालदार झाडाखाली खुर्ची टाकून त्यांच्यावर नजर ठेवून होता. त्या गाड्या कुणी पळवून नेण्याच्या लायकीच्या नव्हत्या, पण ड्यूटी ती ड्यूटी. मी विम्याच्या माणसाला शोभेल अशा गंभीरपणे टायर दाबले. अप्पांनी टायर, इंजिन, काही बघितलं नाही. सरळ मागच्या दारानं आत चढले. मागं समोरासमोर दोन लांब बाकडी होती. अप्पा एकावर बसले, मला दुसऱ्यावर बसवलं. तेवढ्यात वाऱ्यानं दार धाडकन लागलं.

मी उघडायला गेलो, तर आतल्या बाजूला कडीच नाही.

आम्ही पत्रा बडवला. हवालदार कानाला फोन लावून लांब गेला होता. मग आम्ही बसलो. गुडघ्याला गुडघा लागत होता. उजवीकडं बघावं तर जाळी, डावीकडं बघावं तर बंद दार, समोर बघावं तर अप्पा. मी त्यांच्या तब्येतीची चौकशी केली. त्यांनी माझ्या मुलीच्या परीक्षेची केली. तेवढ्यावर नेहमीचं बोलणं संपलं. मग अप्पा एकदम म्हणाले, "मास्तर, दोन्ही पोरं माझ्याशी लई चांगलं बोलत्यात. मी मेल्यावर कुणाशी बोलतील?"

मी चष्मा पुसला. दुसरीकडं बघावं म्हटलं तर जागा नव्हती.

शेवटी हवालदार आला. कडी काढून म्हणाला, "अहो, हिला आतनं कडी नसती. आत बसणाऱ्यानं उघडायचं नसतं." मग हसत त्यानं सांगितलं की, आरोपीला कोर्टात नेताना पोलीस आणि आरोपी असेच समोरासमोर बसतात. मंद्रूपच्या ठाण्यातून निघताना दोघं तोंड पाडून असतात आणि कोर्ट येईपर्यंत एकमेकांच्या पोराबाळांची नावं माहीत झालेली असतात.

अप्पा खाली उतरता उतरता थांबले. एकदा त्या बाकड्यांकडं बघितलं, एकदा दाराकडं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खाली जाहीर केलं की जीप घेतोय. मग जिना चढून वर जाहीर केलं. उद्या सकाळी पक्कं करणार, असंही दोन्हीकडं सांगितलं. माझ्याकडं येऊन फक्त म्हणाले, "मास्तर, तुमी या. साक्षीदार पाहिजे." कशाचा, ते सांगितलं नाही.

सकाळी मैदानात दोन मोटारसायकली दोन दिशांनी आल्या. दोघेही घाबरले होते. म्हातारा पोलिसांचं भंगार दारात आणून लावणार, ही कल्पनाच तशी होती. कित्येक दिवसांनी दोघा भावांचं एका गोष्टीवर एकमत झालं होतं, आणि ते दोघंही मला सांगत होते.

"मास्तर, अप्पांना सांगा, पत्रा सडलाय," मल्लिनाथ म्हणाला.

"आणि बाकडं तुटलंय म्हणून सांगा," बसवराज म्हणाला.

अप्पा शेजारीच उभे होते. शांतपणे म्हणाले, "कुटं सडलाय? मला दिसत न्हाय. आत जाऊन दाखवा की."

मल्लिनाथ चढला आणि एका बाजूचा पत्रा ठोकू लागला. बाकडं दुसऱ्या बाजूचं, एका टोकाला तुटलं होतं, ते दाखवायला बसवराज चढला. त्या दिवशी वारा अजिबात नव्हता. अप्पांनी दार लावलं आणि कडी घातली.

आधी आतून आरडाओरडा झाला. "अप्पा, दार लागलं!" मग "मास्तर, दार उघडा!" अप्पांनी माझ्याकडं बघून नको म्हणून मान हलवली. हवालदार झाडाखालून उठला, अप्पांचं तोंड बघितलं आणि परत बसला.

आत ते मराठीत बोलत होते, तोवर ते आमच्याशी बोलत होते. या घरात मराठी बाहेरच्यांसाठी आणि त्यांच्यासमोर असते. आपसात सगळी कन्नड. पत्रा बडवून दोघे दमले. मग कुणीतरी कन्नडमध्ये चिडून काही बोललं. दुसऱ्यानं कन्नडमध्येच त्याहून चिडून उत्तर दिलं. अप्पांनी कडीवरचा हात घट्ट केला.

त्यांच्या शेजारी इतकी वर्षं काढल्यामुळे कन्नड मला कळतं. पाटी निघाली, दुकान निघालं, कुणी कुणाला काय विचारलं नाही ते सगळं निघालं. मग आवाज खाली आले. बसवराजचा आवाज आला, "अण्णा, बोर्ड एल्लि अदा?" पाटी कुठं आहे, एवढंच. पण त्यात अण्णा होतं. ते मी कित्येक दिवसांत त्या घरातून ऐकलं नव्हतं.

मग मल्लिनाथ म्हणाला, माझ्या कॉटखाली. चादरीत गुंडाळून ठेवलीय.

अप्पा दाराला टेकून उभे होते. डोळे मिटलेले. मी हळूच म्हटलं, "अप्पा, आता उघडा."

त्यांनी कडी काढली. दोघे समोरासमोर बसले होते, गुडघ्याला गुडघा. उतरायला कुणीच उठलं नाही. धाकटा थोडा सरकला आणि शेजारच्या जागेवर हात ठेवून म्हणाला, "बसा की अप्पा."

अप्पांना चढायला मी हात दिला. ते बसले, धोतर सारखं केलं, एकदा इकडं बघितलं, एकदा तिकडं. मग मला म्हणाले, "मास्तर, दार लावा."

मी लावलं आणि कडी घातली.

थोड्या वेळानं हवालदार आला. आत तीन आवाज चालले होते, त्यातला एक जत्रेचं काहीतरी विचारत होता. हवालदार म्हणाला, "काय, घेणार का गाडी?"

मी म्हटलं, "अजून बसून बघायलेत."