सिनेमातलं गुपित गेलं कुठं?

अवघ्या वसई तालुक्यात गुप्तहेर एकच, आणि तो मी: ऑगस्टीन लोपीस, मुक्काम सांडोर. माझी नजर एवढी तीक्ष्ण की बायको मला भाजी निवडायला बसू देत नाही. म्हणते, तुम्ही अळीचा माग काढता आणि वांगं विसरता. १९५४ सालचं हे प्रकरण म्हणजे माझ्या कीर्तीचा कळस. उकल दुसऱ्याच कुणी केली, हा तपशील गौण.

शुक्रवारी सकाळी क्लेमेंटीन रडत आली. रविवारी तिच्या लेकीचं, रोझलीनचं लग्न, आणि नवरीचा सख्खा मामा बॅप्टिस्ट बहिणीशी सहा वर्षं बोलत नव्हता. आई गेल्यावर विहिरीचा रहाट कुणी मोडला, एवढंच भांडण. पण मामाविना नवरी घरातून निघणार कशी?

"ऑगस्टीनभाऊ, कालच्या सिनेमात बारा वर्षं अबोला धरलेली भावंडं शेवटी गळ्यात गळे घालून नाचली. पण मधलं गुपित दाखवलंच नाय! ते कळलं, तर मीही बॅप्टिस्टला मनवीन."

खरं होतं. भाताच्या गोदामात काळे पडदे लावून दाखवलेला तो सिनेमा मीही पाहिला होता. थोरली बहीण म्हणाली, "आज गुपित सांगते", आणि पुढच्या क्षणी सगळे नाचतायत! अख्ख्या गावाचा विरस झाला.

मी तात्काळ ताडलं: रीळ चोरीला गेलं. मशीनवाल्या लुईसला गाठलं.

"सगळी रिळं डब्यात आहेत, बघून घ्या," तो म्हणाला.

होती. म्हणजे चोर इतका धूर्त, की चोरलेलं परत आणून ठेवतो! मग दुसरा सिद्धांत: उंदीर. नेमकं गुपितच कुरतडतो, त्याअर्थी तो शिकवलेला. गोदामात खोबऱ्याचा तुकडा ठेवून मी दोन तास दबा धरला आणि शेवटी तो मीच खाल्ला.

उरले साक्षीदार. गुपिताची वेळ संध्याकाळी सातची. चाळीस जणांना विचारलं, "सात वाजता काय करत होतास?"

चाळीसही जण म्हणाले, "काय नाय." मी स्वतःलाही विचारलं. उत्तर तेच. कट फारच मोठा होता.

संध्याकाळी सगळ्यांना गोदामात जमवलं. बॅप्टिस्टही येऊन दाराशी उभा राहिला. गुपित त्यालाही हवं होतं. मी घसा खाकरला, तोच देवळात आंजेलूसची, म्हणजे सांजप्रार्थनेची घंटा झाली. आम्ही उठलो, देवळाकडे वळलो, डोळे मिटून मोठ्यानं प्रार्थना म्हटली आणि बसलो.

"काल पन हेच केलंत," शेंगदाणेवाली कृष्णाबाई कोपऱ्यातून बोलली. मांडीवर टोपली, म्हणून ती उठली नव्हती. "पडद्याकडं पाठ, नि सगल्यांचे डोले बंद. गुपित तिकडं चाललेलं. मी एकटीच बघत व्हते."

रोजची प्रार्थना, ती केली हे कुणी ध्यानात ठेवतं का?

"मग सांग ना!" क्लेमेंटीन ओरडली.

"गुपित कसलं डोंबलाचं! थोरली बोलली, भांडन कशावरून झालं तेच आठवत नाय. धाकटा बोलला, मला पन नाय. मग त्यानं इचारलं, जेवलीस का? नि लागले नाचायला."

"एवढंच?" लुईसनं कपाळावर हात मारला. मला पहिल्यापासून हाच संशय होता, असं मी वहीत लिहून टाकलं.

क्लेमेंटीन मात्र मान खाली घालून बसली. तिला रहाट चांगला आठवत होता.

दारातून बॅप्टिस्ट दोन पावलं पुढं आला. हातातल्या टोपीचा त्यानं पार चोळामोळा केला होता.

"क्लेमेंटीन, रहाट मीच मोडला," तो म्हणाला. "जेवलीस का?"

"नाय," ती हुंदका देत म्हणाली. "चल घरी, वाढते."

सहा वर्षांपूर्वीचा गुन्हेगार माझ्या तपासामुळे कबूल झाला, अशी मी नोंद केली आणि दोघांच्या मागोमाग जेवायला निघालो.