कुणाच्या घरचा शिरा?

सामंतकाकांना जेवायला बोलावलं की चप्पल काढायच्या आधी ते पिशवीतून तराजू काढायचे. छोटासा, स्वयंपाकघरातला. आधी वाटी तोलायची, मग वाटीतली आमटी. यजमानीण कितीही फणकारली तरी काका आपले काट्याकडे बघत.

आमच्या कोपरीच्या बिल्डिंगीत सगळे त्यांना हसायचे. पण तराजू काकांसाठी नव्हताच. बरोबर जेवायला येणाऱ्या त्यांच्या बायकोला, सुमनकाकूंना डायबिटीस, त्यात गोडाची भारी हौस. डॉक्टरांनी सांगितलेलं, रोजच्या कॅलरी मोजा. "तिच्याशिवाय मला चहासुद्धा करता येत नाही रे," काका एकदा मला म्हणाले होते. त्यांना खरोखर भीती वाटायची.

रिटायर झाल्यावर त्यांनी एक जुना कॉम्प्युटर घेतला आणि मला धरलं. मी तेव्हा स्टेशनजवळच्या कॉम्प्युटर क्लासात शिकवायचो. पदार्थाचं नाव टाकलं की कॅलरी दिसायला हव्यात, एवढंच काम, म्हणून मी हो म्हणालो. कुठून दुर्बुद्धी झाली देव जाणे.

सुरुवातीचे आकडे एका इंग्रजी पुस्तकातले. भाकरी शोधली तर सापडेना, पाव मात्र हजर. मग काका तराजू घेऊन घरोघर फिरले. मी 'कालवण' टाकलं की मागून प्रश्न यायचा, "कुणाच्या घरचं?" कोळीवाड्यातल्या नाखवामावशींच्या कालवणात खोबरं नसायचं, आमच्या आईच्या कालवणात वाटीभर. एकच आकडा कसा चालेल? झालं, पदार्थापुढे घर निवडायची सोय केली. पुढे म्हणाले, कमी कॅलरीचं वर दिसू दे. तेही केलं.

हळदीकुंकवाला गेलेल्या काकूंच्या हातातला लाडू काका दारातूनच खाली ठेवायला लावायचे. काकू मुकाट ठेवायच्या. मला काकांचा संताप यायचा.

एवढं करून शेवटी काकूंच्या किडन्या गेल्या. हॉस्पिटलवाल्यांनी घरी न्या म्हणून सांगितलं. काकूंचं खाणं सुटलेलं. चमचा समोर नेला की मान फिरवायच्या.

एका दुपारी काका क्लासवर आले. मुलं बसलेली, तरी सरळ माझ्या खुर्चीशी येऊन उभे राहिले.

"अरे, ते उलटं करता येईल का? सगळ्यात जास्तवालं वर. तिने एकच चमचा घेतला, तर त्या चमच्यात काय द्यावं?"

काम अगदी किरकोळ होतं. संध्याकाळी त्यांच्या घरी बसून केलं, आणि करताना मला रडू येत होतं. काका शेजारी बसून स्क्रीनकडे बघत होते. इतकी वर्षं तळाशी पडलेला आमच्या घरचा शिरा सगळ्यात वर आला.

आईने लगेच केला, नेहमीपेक्षाही जास्त तूप घालून. काकांनी चमचा काकूंच्या ओठांशी नेला. या वेळी काकूंनी मान फिरवली नाही. नवऱ्याकडे बघत राहिल्या.

"मोजलात?" त्यांनी विचारलं.

"नाही गं," काका म्हणाले. "विसरलो."

काकूंनी अर्धा चमचा खाल्ला. तेवढाच. उरलेली वाटी काका हातात धरून बसून राहिले. आईने गरम करून आणू का विचारलं, तर नको म्हणाले.