आपण आता एकच आहोत

लिफ्टमिस्त्रीचे दोन्ही फोन एकाच क्षणी मुके झाले, तेव्हा तो गालाला साबण फासून आरशासमोर बसला होता. एक फोन एका कंपनीचा, दुसरा तिच्या हाडवैरी कंपनीचा. त्याच्याकडे देखभालीला असलेल्या प्रत्येक लिफ्टमध्ये दोन्ही नंबर रंगवलेले होते. एक लागला नाही तर दुसरा लावा. शिवाय एकीने दर वाढवले की तो दुसरीकडे जायची धमकी द्यायचा, आणि लगेच कुणीतरी गोड बोलून दर उतरवायचं. दोघांचं भांडण आणि तिसऱ्याचा लाभ, या म्हणीतला तिसरा म्हणजे आपला मिस्त्री.

मुके होण्याआधी दोन्ही फोनवर एकच मेसेज आला होता: ‘अभिनंदन. आपण आता एकच आहोत.’ तो बायकोने आधी वाचला आणि ही कोण म्हणून विचारलं. कंपन्या एकत्र झाल्यात हे तिला पटवता पटवता मिस्त्रीच्या गालावरचा साबण वाळून गेला.

दुपारी खरी भानगड कळली. सगळ्यात मोठ्या वसाहतीचे सेक्रेटरी दोन मजल्यांच्या मधे अडकले होते. त्यांनी लिफ्टमधला पहिला नंबर लावला, तर एक बाई मधाळ आवाजात म्हणाली, ‘‘आपण आमच्यासाठी मोलाचे आहात. कृपया आहात तिथेच थांबा.’’ दुसरा लावला, तर तीच बाई विचारते, ‘‘मघाशी आपणच बोलत होता ना?’’ सेक्रेटरी तसे कुणाच्या बापाला न भिणारे. पण वॉचमनने दार फाकवून त्यांना ओढून काढलं तेव्हा ते पांढरेफटक पडले होते. रंग परत आल्यावर त्यांनी मिस्त्रीच्या घरी निरोप धाडला: शनिवारपर्यंत फोन लागला नाही तर वसाहतीच्या सगळ्या लिफ्ट मिशाळकडे.

मिशाळ हा शहरातला दुसरा लिफ्टमिस्त्री. दोघांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. रस्त्यात समोरासमोर आले तर एक जण हमखास फुटपाथ बदलायचा. मिस्त्रीचं निम्मं घर त्या वसाहतीवर चालत होतं. त्याचं धाबं दणाणलं आणि तो तडक कंपनीच्या दुकानात गेला.

दुकानाला ताज्या रंगाचा वास होता आणि आत गारठा. काउंटरमागे करड्या गणवेशातली एक मुलगी हसतमुख बसली होती. नंबर चालू करा, नाहीतर मी तिसऱ्या कंपनीकडे जातो, असं मिस्त्रीने बजावलं. हे वाक्य आजवर कधी वाया गेलं नव्हतं.

‘‘जा ना, सर,’’ मुलगी म्हणाली.

तो रागारागाने रस्ता ओलांडून समोरच्या तिसऱ्या कंपनीच्या दुकानात शिरला. तोच वास, तोच गारठा. काउंटरमागे तीच मुलगी, तसंच हसत. तिला साधी धापही लागली नव्हती.

मिस्त्रीने एकदा मागे वळून काचेतून पाहिलं. समोरच्या दुकानातली खुर्ची रिकामी होती.

‘‘तुम्ही आत्ता तिकडे होतात ना?’’

‘‘आज सकाळपासून सगळीकडे मीच आहे, सर.’’

‘‘मग मी आता जाऊ कुठे?’’

‘‘कुठेही जा. आम्ही आहोतच.’’

हे तिने इतक्या प्रेमाने सांगितलं की मिस्त्रीच्या अंगावर सर्रकन काटा आला. तो कोपऱ्यातल्या बाकावर जाऊन टेकला. शेजारी मिशाळ बसला होता, हातात मुका फोन धरून. त्याचा एकुलता एक नंबर याच तिसऱ्या कंपनीचा. बदलायला आता फुटपाथही नव्हता.

‘‘माझी गिऱ्हाइकं तुझ्याकडे यायला निघालीत,’’ मिशाळ म्हणाला.

‘‘आणि माझी तुझ्याकडे.’’

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. काउंटरमागची मुलगी त्यांच्याकडे बघून हसत होती. मग हळूहळू ते दोघेही हसायला लागले.

त्या संध्याकाळी सगळे फोन आपोआप जिवंत झाले, ना माफी ना खुलासा. तोवर मिस्त्री-मिशाळांचं ठरलंही होतं. सगळे फोन मिस्त्रीच्या घरी एकाच टेबलावर राहायचे, ते मिस्त्रीच्या बायकोने घ्यायचे, आणि काम वाटून करायचं. गिऱ्हाइकांना सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं. वसाहत वाचली. पुढच्याच महिन्यात दर थोडे वाढवले, तर कुणी हूं की चूं केलं नाही.

मग एका दुपारी सेक्रेटरी पुन्हा अडकले. त्यांनी मिस्त्रीचा नंबर लावला, तेव्हा बायकोने निघालेच म्हणून सांगितलं. बराच वेळ कुणी आलं नाही. मग टेबलावरचा मिशाळचा फोन वाजला.

मिस्त्रीच्या बायकोचा आवाज एरवी तीन घरं पलीकडे जायचा. या वेळी तो असा काही मधाळ निघाला की मिस्त्रीच्या हातातला कप हिंदकळला. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

‘‘बोला, भाऊ.’’

मग सेक्रेटरी दबक्या आवाजात म्हणाले, ‘‘वहिनी, मी मिशाळला फोन लावला होता.’’

‘‘बरोबर लागलाय.’’

‘‘मग तक्रार कुणाकडे करायची?’’

‘‘माझ्याकडेच करा की, भाऊ. कितीही करा.’’

पूर्वी अशा वेळी मिस्त्री दोन-दोन पायऱ्या गाळत धावत सुटायचा. न जाणो, मिशाळ आधी पोचायचा. आताही तो पिशवी घ्यायला अर्धवट उठला. समोर मिशाळ बशीत चहा ओतत होता.

‘‘निघायला पाहिजे,’’ मिस्त्री म्हणाला.

‘‘पाहिजे खरं,’’ मिशाळ म्हणाला.

मिस्त्री पुन्हा खाली बसला. आपण बसलो, हे लक्षात येऊन त्याचं त्यालाच भ्यायला झालं. बायकोने फोन ठेवला आणि दोघांना विचारलं, आणखी अर्धा कप टाकू का.